डाव्या पायाचा अंगठा

बस. त्या बाजेवर नको, तिची दोरी तुटलीय, हितं पाटावर बस. चहा यील आत्ता. एक गोष्ट सांगतो तुला, तू आमोस मास्तरचा नातू म्हणून. दुसऱ्या कुणाला सांगितली नसती. तुला सांगायची बी जरा पंचाईतच हाये, कारण तुझा आज्जा ह्या गोष्टीत हाये, आन सुरुवातीला काही लई चांगला दिसत न्हाई. पण उठून जाऊ नको. शेवटाला दिसतो.

ते हातातलं पुस्तक मिटव आधी. आपल्या चर्चचा इतिहास म्हणून तुझ्या आज्ज्यानंच लिवलेलं हाये ते. मला सुनेनं वाचून दाखवलंय. "क्रूसावरील प्रभूच्या डाव्या अंगठ्यावरील व्रण मंडळाच्या सूचनेनुसार कोरण्यात आला." असंच हाये ना? आता मंडळाला ती सूचना कशी सुचली, ते मी सांगतो. मंडळ तवा तिथं नव्हतं. मी व्हतो. त्या अंगठ्यापासून चार बोटांवर व्हतो.

बेचाळीस वर्सं झाली. झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस, प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारला सहा दिवस राह्यलेले, सकाळची येळ. चर्चच्या मागं चिंच हाये ना, तिच्याखाली पत्र्याची शेड व्हती. मी तेवीस वर्साचा, लाजर मिस्त्रीच्या हाताखाली चार वर्सं काढलेला. आन शेडीत, दोन बाकांवर आडवा, आपला प्रभू. शिवणीच्या लाकडाचा. हात अजून जोडायचे व्हते, पाय जोडायचे व्हते. मिस्त्री त्याच्या बरगड्यांवर काचकागद घासत बसला व्हता, म्हसराला खरारा करावा तसा, निवांत.

लाजर मिस्त्री तुला ठावं नसंल. गावातल्या सुतारांनी आपल्या लोकांना कधी हत्यार धरू दिलं न्हाई. ह्यो मिशनच्या कारखान्यात शिकला, एका जर्मन ब्रदरपाशी. ब्रदर म्हणायचा, बाकापाशी उभं राहा, लाकूड शिकंज्यात आवळा, मंग हत्यार चालवा. सगळे "येस ब्रदर" म्हणायचे. ब्रदर जेवायला गेला की सगळे खाली मांडी घालून बसायचे, आन लाकूड डाव्या पायानं दाबून धरायचे. आपल्या माणसाला पाय लावल्याबिगर लाकूड कळत न्हाई.

प्रभूचा चेहरा त्यानं डोळे धड व्हते तवा केला. पाय करायला आला तवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला व्हता. पाय त्यानं बोटांनी केले. एक एक नख, एक एक शीर, चाचपून चाचपून. हे मला आन त्याच्या बायकोला, मार्थाकाकीलाच ठावं व्हतं. दोन वर्सं लागली. ह्याच्यानंतर त्याच्या हातनं काही व्हणार नव्हतं, हे त्याला कळत व्हतं आन मला बी.

आन तिकडं फादरच्या व्हरांड्यात एक पेटी येऊन पडली व्हती. मुंबईची. आत पेंढ्यात गुंडाळलेला प्लास्टरचा प्रभू. गोरापान, गालावर लाली, पाय असे की जन्मात जमिनीला लागले नसतील. ती तुझ्या आज्ज्यानं मागवली व्हती. त्याचं म्हणणं, लाजरचं काम बघू. एक जरी खोट निघाली, तरी शुक्रवारी लोकांपुढं ही पेटीतली मूर्ती जाईल, आन लाजरची सामानाच्या खोलीत. फादर लोपीसनं त्याला "बरं" म्हटलं व्हतं. फादर वसईचा, सगळ्यांनाच "बरं" म्हणायचा.

तर मिस्त्री मला म्हणाला, "जखऱ्या, उजवा पाय झालाय. डाव्याच्या टाचेमागं जास्तीचं लाकूड राह्यलंय, ते काढ. शिकंज्यात धर आन करवतीनं काप."

मी म्हटलं, "व्हय."

आन त्याची पाठ फिरल्यावर खाली बसलो, प्रभूचा पाय माझ्या डाव्या पायाखाली दाबला, आन वाकस घेतला. वाकस बघितलायस? कुदळीसारखं आडवं पातं असतंय, आपल्याकडं ओढत तासायचं. लई धार. करवतीनं पाव तास गेला असता, वाकसानं पाच मिण्टं. मला घाई कसली व्हती ते आता आठवत बी न्हाई.

दोन घाव बरोबर बसले. तिसरा टाचेतल्या गाठीवर बसला. गाठीवरनं वाकस उडाला आन सरळ माझ्याकडं आला. मी पाय वढला, का लाकूडच माझ्या पायाखालनं कलंडलं, हे मला अजून सांगता यायचं न्हाई. खट्ट झालं. मी डोळे मिटले व्हते.

"काय झालं?" मिस्त्री.

"काही न्हाई."

"काही न्हाईचा असा आवाज येत न्हाई."

मी डोळे उघडले. प्रभूच्या डाव्या अंगठ्यावर, नखाच्या मागं, तिरका घाव. अर्ध्या पेराइतका खोल. दोन वर्सांचं काम, आन ते बी मिस्त्रीच्या आयुष्यातलं शेवटचं.

मिस्त्री उठून आला, उकिडवा बसला. मला वाटलं आता ते लाकूड हातात घील आन माझ्या टाळक्यात घालील. त्यानं हात पुढं केला आन माझा पाय धरला. माझा. एक एक बोट चाचपलं, अंगठ्यावरनं दोनदा बोट फिरवलं. मंग म्हणाला, "तुझा धड हाये."

मंग त्यानं प्रभूचा पाय मांडीवर घेतला. घावात नख घालून बघितलं.

मी म्हटलं, "मिस्त्री, बारीक भुसा सरसात कालवून भरतो. वर रंग मारला की सख्ख्या आईला वळखू यायचं न्हाई."

"राहू दे."

"मास्तर बघंल."

"बघू दे."

"पेटी उघडतील मिस्त्री. हे सामानाच्या खोलीत जाईल."

"जखऱ्या," तो म्हणाला, "जरा पाणी आण."

मला वाटलं, डोळ्यांबरोबर म्हाताऱ्याचं डोस्कं बी गेलं.

सोमवारी फादर आन तुझा आज्जा बघायला आले. मंडळात सात माणसं व्हती, पण सातांच्या वतीनं मास्तर एकटाच बोलायचा. धुतलेलं धोतर, काळा कोट, खिशाला दोन पेनं. साऱ्या गावाला धर्मशिक्षण त्यानंच दिलेलं. येशू खरा देव आन खरा मनुष्य, हे आमच्याकडनं त्यानं छडी घेऊन पाठ करून घेतलेलं. मला मनुष्यापाशी दोन छड्या बसल्या व्हत्या.

तवर पाय जोडून झाले व्हते. मास्तरनं चष्मा पुसला आन काट्याच्या मुकुटापासनं खाली तपासत निघाला, पेपर तपासावा तसा. चेहऱ्यापाशी थांबला. "छान," म्हणाला. मनापासनं म्हणाला, खोटं का बोलू. छातीपाशी "छान". गुडघ्यापाशी नुस्ती मान हलवली. मंग अंगठ्यापाशी आला.

"हे काय?"

"घाव हाये," मिस्त्री म्हणाला.

"खिळा इथं नाही लाजरस. खिळा वर आहे."

"खिळ्याचा न्हाई. वाकसाचा."

मी तोंड उघडलं. कबूल करणार व्हतो, शपथ घेऊन सांगतो. मिस्त्रीचा हात माझ्या खांद्यावर आला आन असा दाबला की माझं तोंड आपोआप मिटलं.

"त्यो म्या ठेवलाय," तो म्हणाला.

ह्यात खोटं काही नव्हतं बघ. ठेवला त्यानंच व्हता.

"ठेवलाय म्हणजे? प्रभूच्या पायाला वाकसाचा घाव कशासाठी?"

"मास्तर, प्रभूचा धंदा काय व्हता?"

"तो जगाचा तारणारा."

"त्यो तिशीनंतर. त्याच्या आधी?"

मास्तरनं फादरकडं बघितलं. फादर म्हणाला, "सुतार होता. शास्त्रात आहे तसं."

मिस्त्रीनं डाव्या पायातली वहाण काढली आन पाय उचलून बाकावर ठेवला, प्रभूच्या पायाशेजारी. मातीनं भरलेला, टाचेला भेगा. अंगठ्यावर, नखाच्या मागं, तिरका जुना वण. तीच जागा. तोच कोन.

"पंधरा वर्सांचा व्हतो तवाचा हाये," तो म्हणाला. "ब्रदरचा कारखाना जिता असता तर तिथल्या सगळ्यांच्या वहाणा काढून दावल्या असत्या. वाकस शिकायचा तर हितं लागतंच. ही आमची पाटी हाये."

"पाय खाली घे आधी," मास्तर म्हणाला. "कुणाशेजारी ठेवलायस काही कळतंय?"

"कळतंय म्हणून तर ठेवला."

"अरे, तू आणि तो एक झालात? तुझा हात चुकतो. त्याचा कसा चुकेल? तो देव आहे."

"पहिल्या दिवशीपासनं न चुकता यायचं त्याला?"

"अर्थात."

"मंग योसेफ बाबानं शिकवलं काय? बसून नुस्ता बघत व्हता?"

फादरला खोकला आला.

मास्तर म्हणाला, "लाजरस, त्याला सगळं येतच होतं. आईबापाचा मान राखायचा म्हणून शिकल्यासारखं दाखवलं."

"म्हंजी नाटक केलं."

"नाटक नव्हे. दाखवलं."

"लागलं तवा बी दाखवलं? भूक लागली तवा? क्रूसावर बी दाखवलंच म्हणायचं मंग?"

फादरनं खिशातनं रुमाल काढला, मान पुसली, आन लई हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमच्या मनात तसं नाही, मला माहीत आहे. पण तो माणूस झाल्यासारखा नुसता दिसला, असं म्हणणारे लोक पूर्वी होऊन गेले. पहिल्या शतकांतच."

"मग?"

"त्यांना मंडळीतून बाहेर काढलं."

तुझ्या आज्ज्याचं तोंड मी त्या दिवशी बघितलं तसं परत कधी बघितलं न्हाई. ज्यानं आम्हाला दोन छड्या मारून मनुष्य शिकवला, त्यालाच मनुष्यापाशी छडी बसली.

पण माणूस हुशार. लगेच वळला माझ्याकडं. "सगळ्या सुतारांना लागतं म्हणतोस ना? मग ह्याचा दाखव. चार वर्षं झाली ह्याला वाकस धरून."

बाळा, मी पाय मागं घेतला तर मास्तर वाकूनच बघायला लागला. काढली वहाण. अंगठा असा, न्हालेल्या लेकरागत. एक ओरखडा न्हाई. त्या कोऱ्या अंगठ्यानं मिस्त्रीचं सगळं बोलणं खोटं ठरत व्हतं, आन खरं काय ते त्या अंगठ्यालाच ठावं व्हतं.

"बघा फादर," मास्तर म्हणाला.

मिस्त्रीनं डोळ्याची पापणी हलवली न्हाई. "त्यो अजून मिस्त्री झालेला न्हाई," म्हणाला. "व्हईल तवा लागंल."

असा निकाल लागला बघ त्या दिवशी. शेडीत आम्ही तिघं सुतार व्हतो, त्यात दोघं पास.

फादर मंग म्हणाला, "मास्तर, तुमचंही बरोबर आहे. मिस्त्री, तुमचंही बरोबर आहे." दोन्ही बाजू एकाच वक्ताला सोळा आणे खऱ्या धरायच्या, ही फादर लोकांना सवयच असती, आपला धर्मच तसा हाये. "मूर्ती हीच लावू. पण लोकांना उगीच प्रश्न पडायला नकोत. तो घाव भरून घ्या. शुक्रवार नीट पार पडला तर पेटी परत पाठवू. नाही पडला, तर मग मास्तर म्हणतात तसं. बरं?"

मला वाटलं मिस्त्री भांडंल. तो म्हणाला, "बरं."

ते गेल्यावर मी सरस तापवायला ठेवला. मनात म्हटलं, सुटलो. माझा घाव बुजणार, मिस्त्रीचं काम लागणार, पेटी जाणार. भुसा चाळून घेतला, मैद्यासारखा.

मिस्त्री लांबनंच म्हणाला, "पाणी घाल त्यात."

"किती?"

"अजून."

"मिस्त्री, एवढ्या पातळ सरसानं धरायचं न्हाई."

"तुला कुणी इचारलं?"

मी भरलं. वर रंग मारला. मंगळवारी मास्तर येऊन बोट फिरवून गेला. "आता कसं," म्हणाला.

शुक्रवारी तीन वाजता चर्च भरलं. तुला काय सांगायचं, तू बघतोसच दर साली. क्रूस आत आणला, वरचं जांभळं कापड तीनदा थांबून काढलं, मंग पायऱ्यांना टेकवून ठेवला. लोक पायातल्या वहाणा भाइर काढून, रांगेनं, गुडघे टेकत पुढं येत व्हते आन पायाचा मुका घेत व्हते. वरनं पत्रा तापलेला. शेजारी तुझा आज्जा उभा, एका हातात पांढरं फडकं, दुसऱ्या हातात पाण्याची वाटी. एक मुका झाला की ओलं फडकं फिरवायचा. स्वच्छतेचा भोक्ता. फादर म्हणाला व्हता कोरड्या कापडानं पुसा, पण मास्तरला कोरडं पुसलेलं पुसल्यागत वाटायचं न्हाई.

मी खांबाआड उभा. मिस्त्री पहिल्या बाकावर, काही दिसत नसताना सगळं दिसल्यागत सरळ बसलेला. सरसाला पाणी म्हंजी सासूला सून. आन लोक सगळे नेमके डाव्या पायाचा मुका घेत व्हते, कारण उजवीकडं मास्तर उभा. मी तवा पहिल्यांदा मिस्त्रीकडं बघितलं आन माझ्या टाळक्यात उजेड पडला.

सारूबाईची पाळी आली. उसाच्या फडावर कोयता चालवणारी बाई, सारा गाव तिला भ्यायचा. तिच्या आधीच्या माणसाचा मुका झाला, मास्तरनं फडकं फिरवलं, आन फडक्याबरोबर भुश्याची गुळी निघून आली. सबंद. वर रंगाचा पापुद्रा. घाव असा उघडा, आतलं लाकूड पांढरं, कालच लागल्यागत.

मास्तरनं झटक्यानं फडकं अंगठ्यावर टाकलं. "पुढं चल सारू. उजव्या पायाचा घे."

"का?"

"सांगतो ते ऐक."

"डाव्याला काय झालंय? फडकं काढा मास्तर."

"रांग थांबलीय."

"मंग काढा की लवकर."

मागनं लोक माना काढायला लागले. फादर पुढं आला, मास्तरकडं बघितलं, घामाघूम. बरं सुद्धा म्हणाला न्हाई. सारूबाईनं स्वतःच फडकं उचललं.

लई वेळ बघत राह्यली ती. मंग आपलं लुगडं जरा वर घेतलं. तिच्या नडगीवर कोयत्याचा वण, वीतभर. एकदा त्या वणाकडं बघितलं, एकदा त्या अंगठ्याकडं. मंग घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "तुला बी लागलंय व्हय रं कामावर."

आन वाकून बरोबर त्या घावावर मुका घेतला.

तिच्यामागनं त्या दिवशी उजव्या पायाला कुणी शिवलं न्हाई. गवंडी आले, विहिरी खणणारे आले, खडी फोडणाऱ्या पोरी आल्या. जो तो तिथं तोंड लावायच्या आधी आपला हात न्हाईतर पाय एकदा बघून घ्यायचा. मास्तर शेजारी उभा. फडकं हातात तसंच. पुसायचं इसरला.

सगळ्यांचं झाल्यावर पुसणाऱ्याची पाळी असती. मी म्हटलं आता ह्यो उजवा घील. तुझ्या आज्ज्यानं चष्मा काढला, वाटी खाली ठेवली, काळ्या कोटासकट गुडघ्यावर बसला. आन डाव्यावर वाकला. मला वाटलं आता उठंल, मंग वाटलं आता उठंल. फादरला त्याच्या दंडाला धरून उठवावं लागलं. उठला तवा त्यानं फडक्यातली ती भुश्याची गुळी काढली, इकडंतिकडं बघितलं, आन कोटाच्या खिशात टाकली. खांबाआडनं मी एकट्यानंच बघितलं ते. तुमच्या घरात कुठल्या डबीत तसलं काही सापडलं तर टाकू नको.

पेटी काही परत गेली न्हाई. अजून सामानाच्या खोलीत हाये, तिच्यावर फुलदाण्या ठेवतेत. आन पुढच्या उपासकाळात मास्तर धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना अंगठ्यापाशी न्यायला लागला. "खरा मनुष्य म्हणजे काय? हे बघा." छडी तेवढीच राह्यली, प्रश्न बदलला. धा वर्सांनी ती मंडळाची सूचना झाली. खोटं न्हाई म्हणत मी. माणसानं इतक्या येळा सांगितलं की त्याला सुचलंच व्हतं असं वाटायला लागतं. आन खरं काय ते त्याला ठावं तरी कुठं व्हतं? त्याला वाटायचं मिस्त्रीनं मुद्दाम कोरलं.

शनिवारी सकाळी मी शेडीत गेलो. मिस्त्री हत्यारांना तेल लावून पोत्यात गुंडाळत व्हता. संपलं व्हतं त्याचं.

मी म्हटलं, "मिस्त्री, खरं सांगायला पायजे. लोक काय समजून मुका घेतेत. ती निव्वळ माझी चूक हाये."

"मंग?"

"मंग काय? तुम्ही मास्तरला एवढं सांगितलं, सुताराची पाटी आन काय काय. त्यातलं काहीच नव्हतं. वाकस घसरला व्हता."

"माझा काय मुद्दाम लागला व्हता?" तो म्हणाला.



त्यानं वाकस हातात घेतला, पात्यावरनं अंगठा फिरवला. "त्यो वाकस कुणाकडं येत व्हता जखऱ्या?"

"माझ्याकडं."

"कुठं लागणार व्हता?"

मी खाली बघितलं. माझा डावा पाय. न्हालेल्या लेकरागत.

"तुझा वाचला," मिस्त्री म्हणाला. "ज्याचा गेला, त्याचा झाकायचा व्हय?"

आन वाकस माझ्या हातात दिला. तोच वापरतोय मी अजून.

त्याच पावसाळ्यात तो गेला.

आता ही वहाण काढतो. बघ. लाजू नको, जवळनं बघ. बेचाळीस वर्सं ह्याच पायाखाली लाकडं दाबली. दारं केली, पाळणे केले, गावातल्या निम्म्या लोकांच्या शवपेट्या केल्या; तुझ्या आज्ज्याची बी मीच केली. कितीदा वाकस उडाला. ह्या अंगठ्यावर एक ओरखडा न्हाई. लोक मला मिस्त्री म्हणतेत. लाजर मिस्त्रीच्या हिशेबानं मी अजून झालेलो न्हाई.

आन एक सांगतो, ते लिवू नको. बेचाळीस शुक्रवार गेले, मी त्या पायाचा मुका घेतलेला न्हाई. रांगेत जातो, उजव्या बाजूनं वाकतो, उठतो. लोकांना वाटतं मिस्त्रीचे गुडघे दुखतेत. आता खरंच दुखतेत, त्यामुळं दोन वर्सं गेलोच न्हाई.

परवा शुक्रवार हाये. तुझी मोटरसायकल हाये. तीनची गर्दी नको, समदे गेल्यावर सांजच्याला चर्च मोकळं असतंय, क्रूस पायऱ्यांनाच टेकलेला असतोय, तवा मला मागं बसवून ने. पायऱ्यांपाशी धरून खाली बसव, डाव्या बाजूला, आन जरा लांब उभा राहा. आन तेवढ्यात कुणी आलंच आन इचारलं की म्हातारा तिथं काय करतोय, तर सांग, मिस्त्री वाळवी लागलीय का बघायला आलाय.